सोमा नावाडी घाटंजीच्या बाजारात बसला तेव्हा

कोणती जुनी मालिका पुन्हा छापायची यावर आमच्या गटात मतदान झालं आणि ज्वालाकेतूला फक्त एक मत पडलं. तेही अंगठा चुकून लागल्यामुळं, असा खुलासा त्या सदस्यानं लगेच केला. बाकी सगळी मतं सोमा नावाड्याला. त्याच संध्याकाळी ठरलं की यवतमाळ जिल्ह्यात बोरी अरबला कोणीतरी जायचं. वर्ध्याहून जवळ पडतं म्हणून तो कोणीतरी मी ठरलो.

जे पहिल्यांदाच इथं वाचायला आले आहेत त्यांच्यासाठी थोडं सांगतो. मी वर्ध्यात एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात काम करतो आणि जुनी मराठी कॉमिक्स जमवतो. माझ्यासारखे आणखी काहीजण आहेत. आमचा मोबाइलवर एक गट आहे. कोणाला रद्दीत काही सापडलं की फोटो येतो, मग दिवसभर चर्चा.

आमच्या लहानपणी एकाच चित्रकाराच्या दोन मालिका निघत. एक ज्वालाकेतू. याच्या छातीतून आग निघायची, तो पुलावरून रेल्वे उचलायचा आणि दर अंकाच्या शेवटी नवा राक्षस मारायचा. एसटी स्टँडवर, बाजारात, जत्रेत, जिथं कागद विकला जायचा तिथं ज्वालाकेतू असायचा. दुसरी मालिका सोमा नावाडी. सोमा एका नदीवर डोंगा चालवतो. एका अंकात एक प्रवासी, या काठावरून त्या काठावर. कोणी कोणाला मारत नाही. कधी कधी सलग चार पानं नुसतं पाणी. ही मालिका थोडेच अंक निघून बंद पडली, कारण ती खपलीच नाही.

आज आमच्या गटात सोमाची पूजा होते आणि ज्वालाकेतूचे विनोद होतात. सोमाच्या प्रत्येक पानावर मधल्या घडीकडं दोन बोटं कोरी जागा सोडलेली आहे. अंक उघडला की दोन्ही पानांच्या त्या कोऱ्या जागा मिळून मधोमध एक पांढरा पट्टा दिसतो. गटातले नागपूरचे प्राध्यापक म्हणतात की तो पट्टा म्हणजे नदी, दोन पानं म्हणजे दोन काठ आणि वाचकानं प्रत्येक वेळी ती नदी ओलांडायची. त्यांनी यावर मोठा लेख लिहिला आहे. तो वाचून मला झोप लागली नव्हती, इतका तो मला पटला होता.

माझं गाव वर्धा नदीच्या काठी. पलीकडं नातेवाईक, शेतं, देवीचं ठाणं. डोंग्यात बसून मी लहानपणी कितीदा गेलो असेन. शाळेत असताना सोमाचा एक अंक हाती लागला. घरात देवाजवळ दिवा लागला की मी तो घेऊन तिथंच बसायचो. त्यातलं पाणी बघताना मन जसं निवायचं तसं पुढं फक्त जपाला बसल्यावर निवलं. म्हणून पुनर्मुद्रणाचं निघालं तेव्हा मी सगळ्यांत पुढं होतो. वर्गणी झाली, छापखाना ठरला. एकाच मालिकेपुरतं बळ होतं. उरली होती ती फक्त चित्रकाराची परवानगी.

त्यांना फोन केला. नाव गुलाबजी, वय ऐंशीच्या आसपास, वर्षानुवर्षं बोरी अरबला राहतात. पलीकडून आवाज आला, "फोनवर हो म्हनासारखी गोष्ट नाही हे. इकडे या. येताना सोमाच्या प्रती घेऊन या. मंग पाहू."

पौषातली सकाळ होती. मोटरसायकलवर निघालो. पाठीवर पिशवी, पिशवीत सोमाचे सगळे अंक, प्रत्येक अंक वेगळ्या प्लास्टिकच्या पाकिटात. देवळीपर्यंत अंगात थंडी भरते, तेव्हा कानटोपी आणि हातमोजे विसरू नका. पुढं नदी ओलांडली की यवतमाळ जिल्हा. रस्ता चौपदरी आणि चांगला आहे, पण वेचणीच्या दिवसांत कापसानं फुगलेले ट्रॅक्टर मध्येच आडवे येतात, म्हणून वेग बेताचा ठेवावा. त्या ट्रॅक्टरमधून उडालेला कापूस रस्त्याकडेच्या बाभळींना अडकलेला असतो. लांबून वाटतं, झाडं फुलली आहेत.

कळंबला थांबलो. चिंतामणीचं दर्शन घेतल्याशिवाय मी या रस्त्यानं कधी पुढं गेलो नाही. इथं देवाकडं वर चढून जायचं नाही, पायऱ्या उतरून खाली जायचं. शेजारी कुंड आहे. त्यातलं पाणी काही वर्षांनी आपोआप वर येतं आणि गणपतीच्या पायांना लागतं, असं गावातले लोक सांगतात. सकाळीच गर्दी होती. एक नवरा-बायको नव्या ट्रॅक्टरची किल्ली देवापुढं ठेवायला आले होते. परीक्षेला निघालेल्या मुली घाईघाईनं हात जोडून पळाल्या. एक म्हातारे गृहस्थ भिंतीला टेकून डोळे मिटून बसले होते, मी आलो तेव्हाही आणि निघालो तेव्हाही.

मी म्हटलं, देवा, परवानगी मिळू दे. नंतर वर येताना मनात उगीच आलं, किल्ली घेऊन आलेला आणि डोळे मिटून बसलेला, दोघांनाही तोच चिंतामणी. गर्दी जमते म्हणून देव काही हलका होत नाही. तेव्हा मी या विचाराकडं फारसं लक्ष दिलं नाही. बाहेर गरम कचोरी आणि तर्री मिळाली. ज्यांना तिखट सोसत नाही त्यांनी तर्री वेगळ्या वाटीत मागावी.

यवतमाळला एसटी स्टँडाजवळ खोली घेतली. साध्या खोल्या बेताच्या भाड्यात मिळतात, फक्त गरम पाण्याची चौकशी आधी करा. जेवून दारव्हा रस्त्याला लागलो. दोन्ही बाजूंना तूर, शेंगांनी वाकलेली. बोरी अरबला पोचलो तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. चौकात एका पानठेल्यावर विचारलं, "चित्रकार गुलाबजी कुठं राहतात?"

पानवाला म्हणाला, "चित्रकार? मले नाही माहीत. ज्वालाकेतूवाले बाबाजी पाह्यजे का?"

"तेच."

"मंग तसं सांगा ना भाऊ! सरळ जा, निळं फाटक."

गुलाबजी अंगणात खाटेवर बसले होते. काटकुळा देह, डोळ्यांवर जाड भिंगं. शेजारी त्यांच्या पत्नी, माय, सुपात तुरीच्या शेंगा निवडत होत्या. मी पाया पडलो. मायनं लगेच उकडलेल्या शेंगा वाटीत पुढं केल्या. मिठात उकडलेल्या ओल्या तुरीच्या शेंगा ज्यांनी खाल्ल्या नाहीत त्यांनी फक्त त्यासाठी थंडीत या जिल्ह्यात यावं.

मी मतदानाची हकिकत सांगितली. लोक सोमावर किती प्रेम करतात, एकेका अंकासाठी कशी धडपड करतात, सगळं सांगितलं. ते शेंगा सोलत ऐकत होते.

"अन् ज्वालाकेतू काहून नाही?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "म्हणजे, आमच्या लोकांना सोमा जास्त जवळचा वाटतो."

"तुमच्या लोकायले. अन् लोकायले?"

मी विषय बदलायला मधल्या कोऱ्या पट्ट्याबद्दल बोललो. ती नदी आहे, दोन काठ आहेत, प्राध्यापकांनी त्यावर लेख लिहिला आहे. गुलाबजी हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. मायनं पाणी दिलं आणि मला म्हणाल्या, "असं हसवू नका ना बाप्पा त्यायले. छाती भरते."

"नदी!" गुलाबजी डोळे पुसत म्हणाले. "मले सुचलं असतं तं किती बरं झालं असतं! ते जागा दाभनासाठी होती."

दाभण म्हणजे पोती शिवायची जाड सुई. मला काही कळेना. मग त्यांनी नीट सांगितलं. त्या काळी इकडच्या बाजारांत कॉमिक्स विकत घेणारे कमी, भाड्यानं वाचणारे जास्त. घाटंजीच्या बाजारात युसुफभाई पोत्यांचा बारदाना अंथरून बसायचे. ते आधी जिनिंगमध्ये कापसाची पोती शिवायचे. नवा अंक आला की ते पहिलं काम करायचे ते म्हणजे दाभण आणि सुतळी घेऊन तो घडीजवळ शिवून टाकायचे. पोत्यासारखा. तसा न शिवला तर चार हातांतच पानं सुटायची. पण सुतळीच्या शिवणीत घडीजवळची अक्षरं जायची. इकडच्या पानावर ओळीचं पहिलं अक्षर नाही, तिकडच्या पानावर शेवटचं.

"मी एकदा गेलतो तिकडं," ते म्हणाले. "पाह्यलं तं ज्वालाकेतूचं अर्धं बोलनं सुतळीनं खाल्लेलं. पोट्टे तरी वाचून राह्यले. म्हटलं, पुढच्या मालिकेत दोन बोटं जागा सोडू. सोमाले सोडली. अन् सोमा तं कोनी भाड्यानं नेलाच नाही. शिवायची पाळीच आली नाही."

मी पिशवीतून अंक काढले आणि त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी एकेक पाकीट उचललं, डोळ्यांजवळ नेलं, कोपरे चाचपले.

"एकबी पान मुडपलं नाही."

"आम्ही फार जपतो," मी म्हणालो.

"तुमी नंतर जपलं. पन पयले कोनी वाचलाच नाही म्हनून तं तुमच्यापर्यंत कोरा आला." हे ते चिडून बोलले नाहीत. हिशेब सांगावा तसं सांगितलं. "ज्वालाकेतूचे असे कोरे अंक आहेत का तुमच्याकडं?"

नव्हते. गटात कोणाकडंच नव्हते. जे होते ते फाटके, तेलकट, कव्हर नसलेले. ते आम्ही कोणी फोटोत टाकायचोही नाही.

माय शेंगांवरून नजर न काढता म्हणाल्या, "सोमाचे गठ्ठे न खपता वापस आले तवापासून यायनं ब्रश हातात धरला नाही. दुकानाच्या पाट्यायबी नाही रंगवल्या. सोमाचा शेवटचा अंक तसाच राह्यला. पलीकडं गेलाच नाही तो."

मग गुलाबजींनी अट सांगितली. उद्या घाटंजीचा बाजार आहे. मी त्यांना तिकडं न्यायचं. युसुफभाईंच्या बारदान्यावर सोमा मांडायचा. बाजारातल्या एका माणसानं, फक्त एकानं, खाली बसून एक अंक शेवटच्या पानापर्यंत वाचला तर परवानगी. कोणी नाही वाचला तर नाही.

"तू नाही. तुह्या गटातला नाही. बाजारातला," ते म्हणाले. "कपाटात ठेवासाठी मी काढला नव्हता."

रात्री खोलीवर येऊन गटाला कळवलं. कोणी लिहिलं, म्हातारा विक्षिप्त आहे. कोणी लिहिलं, बाजारातल्या लोकांना सोमा कळणार नाही, दुसरी अट घाला म्हणावं. प्राध्यापकांनी दाभणाबद्दल वाचलं. शेवटी लिहिलं, "कलावंताला स्वतःच्या कलेचा अर्थ नेहमी कळतोच असं नाही." मी मोबाइल बंद केला. मला मात्र मायचं वाक्य आठवत होतं. चाळीस वर्षं एक माणूस आपल्या मनात विचारत राहिला होता की सोमा चांगला होता की नव्हता, आणि आम्ही आमच्या प्रेमानं त्याला उत्तर देत होतो, जे त्याला नको होतं.

सकाळी बोरीला जाऊन त्यांना मागं बसवलं. मायनं त्यांच्या कानांना मफलर गुंडाळला आणि मला बजावलं, "खड्ड्यातून उडवू नको भाऊ यायले." परत यवतमाळ आणि तिथून घाटंजीचा रस्ता. चौपदरीची सवय झालेल्यांनी इथं बेतानं जावं, पण रस्ता सुंदर आहे. सागाची झाडं, मध्येच कोरडे नाले, वळणावर एखादं गाव, अंगणात वाळत टाकलेला कापूस. वाटेत गुलाबजी एका ठिकाणी म्हणाले, "थांब जरा." मला वाटलं दमले. ते उतरले आणि समोरच्या टेकडीकडं बघत उभे राहिले. "डोळ्यायनं आता कडा दिसते नुसती," म्हणाले. "पन कडा दिसली का बाकी मी भरतो."

घाटंजीचा बाजार भरायला लागला होता. वांगी, सांभार (इकडं कोथिंबिरीला सांभार म्हणतात), लसूण, पलीकडं कुदळी-विळे, बांगड्या, कपडे. भाकरी बांधून आणली नसेल तर बाजाराच्या तोंडाशी गरम आलूबोंडे मिळतात. युसुफभाई आता कुलपं आणि बॅटऱ्या विकतात. पांढरी दाढी, डोक्यावर लोकरी टोपी. गुलाबजींना बघून ते बसल्या जागेवरून ओरडले, "अरे गुलाबभाऊ! जिंदा हो क्या?"

"मेलो असतो तं तुलेच पयले सांगाले आलो असतो."

दोघं गळ्यात पडले. काम सांगितल्यावर युसुफभाईंनी कुलपं एका बाजूला सारली आणि बारदाना मोकळा केला. मग दुकानाच्या पेटीच्या तळातून एक गठ्ठा काढला. ज्वालाकेतू. भाड्याचा धंदा संपला तेव्हा जे उरले होते ते त्यांनी ठेवले होते. सिमेंटच्या पोत्याच्या खाकी कागदाची कव्हरं, काळी पडलेली सुतळी, कडा झिजून गोल झालेल्या.

एका बाजूला ते मांडले, दुसऱ्या बाजूला मी माझे सोमा मांडले, पाकिटांसकट, एका ओळीत.

लोक थांबू लागले. चाळिशी-पन्नाशीचे बाप्ये ज्वालाकेतू बघून वाकायचे, उचलायचे, हसायचे. "अबे हा पाह्य, रेल्वेवाला!" एकजण मित्राला म्हणाला, "याच्यासाठी मी मायच्या डब्यातले पैसे लंपास केलते." दुसऱ्यानं पान उघडून उभ्या उभ्या मोठ्यानं वाचायला सुरुवात केली आणि सुतळीखाली गेलेली अक्षरं न अडखळता आपल्या मनानं घालत गेला. चारजण ऐकायला जमले. गुलाबजी ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावर इतका आनंद होता की मला सोमाचं विसरायला झालं.

सोमाकडं कोणी हात केला नाही. बघायचे, पुढं जायचे. ऊन चढलं. मी एकदोघांना म्हटलं, "हे पण बघा ना." एकानं विचारलं, "कायची कागदपत्रं होय हे?"

युसुफभाई बराच वेळ माझ्याकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "भाईजान, पहले ये कफन तो निकालो. पिलास्टिक में रखा तो लोग समझते हात लगाना मना है."

खरं होतं. मी पाकिटं काढली. आता वाऱ्यानं पानं फडफडायला लागली आणि मी दोन्ही हातांनी धरत बसलो. युसुफभाईंनी पेटीतून दाभण काढलं. सुतळी ओवली. माझ्याकडं हात केला. "लाओ एक."

जमवणाऱ्या माणसांना मी काय सांगू. कोरी प्रत. एकही डाग नाही, एकही घडी नाही. गटातले लोक असल्या एका प्रतीसाठी रेल्वेनं रात्र काढून दुसऱ्या राज्यात गेले आहेत. तिला आता पोत्यासारखी भोकं पडणार होती. मी गुलाबजींकडं बघितलं. ते माझ्याकडं बघत नव्हते. ते दाभणाकडं बघत होते.

मी मनात चिंतामणीचं नाव घेतलं आणि सोमाचा पहिला अंक युसुफभाईंच्या हातात दिला.

त्यांनी तो मांडीवर घेतला. अंगठ्यानं घडी दाबली, दाभण टेकवलं आणि आरपार घातलं. सुतळी कर्र कर्र ओढली गेली. एक टाका, दुसरा, तिसरा. गाठ मारली, उरलेली सुतळी दातानं तोडली. अंक उघडून पाहिला, मग आणखी दोनतीन पानं उलटली.

"गुलाबभाऊ," ते म्हणाले, "एक भी अच्छर नहीं मरा."

गुलाबजींनी हात पुढं केला. त्यांनी त्या शिवणीवरून हळूहळू वरून खालपर्यंत बोट फिरवलं. सुतळी बरोबर त्या कोऱ्या पट्ट्यातून गेली होती. शिवणीवरून परत एकदा बोट फिरवलं.

शिवलेला सोमा युसुफभाईंनी शेजारच्या बारदान्यावर, जवळजवळ फेकल्यासारखा, टाकला. तिथं कांताबाई वांगी आणि सांभार विकत बसली होती. ही बाई सकाळपासून आमची गंमत बघत होती.

"ए कांताबाई, वाच. फुकट हाय आज."

"मले कायले? घरी वाचाले वीज बिल हाय ना." पण अंक तिनं उचलला. पहिलं पान बघितलं. मग दुसरं. ती हळू वाचायची, ओळीखालून बोट फिरवत, ओठ हलवत. पाण्याची पानं आली तेव्हा मला वाटलं आता ठेवणार. ती पाण्याच्या पानांवर जास्त वेळ थांबली.

एक गिऱ्हाईक आलं. "वांगे कसे देल्ले बाई?"

कांताबाईनं पान उलटलं.

"ओ बाई! वांगे!"

"थांब ना बाप्पा जरा! डोंगा मधात हाय." तिनं मान वरही केली नाही.

गुलाबजींनी माझं मनगट धरलं. इतकं घट्ट की दुसऱ्या दिवशीही दुखत होतं. युसुफभाई उठले, गिऱ्हाइकाला स्वतःच वांगी तोलून दिली आणि पैसे कांताबाईच्या पोत्याखाली सारले. बाजार आपल्या आवाजात चालू होता, कोणी लाउडस्पीकरवर उंदीर मारायचं औषध विकत होतं, आणि आम्ही तिघं म्हातारे होत चाललेले बाप्ये एका बाईच्या बोटाकडं बघत बसलो होतो.

तिनं शेवटचं पान उलटलं. मागं काही आहे का ते बघितलं. अंक मिटला.

"मंग?" गुलाबजी म्हणाले.

"ते डोंग्यातली म्हतारी पोचते का लेकीकडं?"

"नाही दाखवलं."

"पोचली असन," कांताबाई म्हणाली. "एवढं पानी पाह्यल्यावर नाही पोचली तं काय मतलब." मग तिनं अंक परत दिला आणि ज्वालाकेतूच्या ढिगाकडं हात केला. "आता ते दे. छातीतून आग निघते तो. ह्यानं मन थंड झालं, आता जरा मारामारी पाह्यजे. दुपारचं झोप येते मले."

गुलाबजी पोट धरून हसले. कालच्यासारखाच ठसका लागला, आणि यावेळी पाणी कांताबाईनं दिलं.

परतीच्या वाटेवर ते मागून माझ्या कानाशी बोलत होते, वाऱ्यामुळं अर्धंच ऐकू येत होतं. परवानगी आहे. पण मधली जागा तशीच सोडायची, एक सूतही कमी नाही. प्लास्टिकात घालायचा नाही. आणि पहिला गठ्ठा घाटंजीला युसुफभाईंकडं. बोरीला पोचल्यावर उतरून ते अंगणात गेले आणि मायला म्हणाले, "लाव ओ कंदील. नाही, बल्ब. मोठा बल्ब कुठी ठेवला तो?" मायनं माझ्याकडं बघितलं. त्यांना न विचारताच कळलं असावं. त्या आत गेल्या आणि येताना बल्बसोबत एक जुना डबा घेऊन आल्या, ब्रशांचा.

मी वर्ध्याला परतलो. गटात शिवलेल्या अंकाचा फोटो टाकला. जो गदारोळ झाला तो विचारू नका. "कोरी प्रत!" "पाप आहे हे." एकानं तर हात जोडलेली चित्रं टाकली. मी फक्त कांताबाईचं वाक्य लिहिलं, डोंगा मधात हाय. मग हळूहळू आवाज कमी झाला. रात्री प्राध्यापकांनी लिहिलं की नदीचा सिद्धांत ते मागं घेत नाहीत, पण लेखाच्या पुढच्या आवृत्तीत दाभणावर एक भाग जोडतील. आणि खाली, अगदी लहान वाक्यात, "ज्वालाकेतूची एखादी वाचलेली प्रत मिळेल का हो?"

युसुफभाईंनी निघताना मला एक ज्वालाकेतू दिला होता. पैसे घेतले नाहीत, म्हणाले, घेऊन जा, तू आज बहोत रडल्यासारखं तोंड केलं होतं शिवताना. तो मी काल वाचायला घेतला. देवाजवळ दिवा लावला होता, तिथंच बसलो. लहानपणी मी हा कधी धड वाचलाच नव्हता. रेल्वे, राक्षस, आग. सुतळीनं प्रत्येक ओळीतलं एक अक्षर खाल्लेलं. पहिल्या पानावर अडखळलो. तिसऱ्या पानापासून ती अक्षरं मी माझ्या मनानं घालायला लागलो, आणि मग कळेनासं झालं की कुठली अक्षरं गुलाबजींची आणि कुठली माझी. बाजारात तो माणूस उभ्या उभ्या असंच वाचत होता. ते सगळे असंच वाचत आले होते.

वाचून झाल्यावर मी तो सोमाशेजारी ठेवला. कपाटात नाही. बाहेर, जिथं येणाऱ्याजाणाऱ्याचा हात लागेल.